पदवी डब्लिनची, रुग्णालय मनामाचे

एखादे विद्यापीठ आपल्या देशाबाहेर दुसरे संकुल उभारते, तेव्हा ते आपले नाव, अभ्यासक्रम, परीक्षापद्धती आणि काही प्राध्यापक तिकडे पाठवते; यजमान देश जमीन, इमारत आणि बहुतेक वेळा पैसाही पुरवतो. इतिहास, गणित किंवा संगणकशास्त्र शिकवणारे असे संकुल आपल्या आवाराच्या भिंतींआड बऱ्याच अंशी स्वतःचे नियम पाळून जगू शकते. वैद्यकीय शिक्षणाला ही मुभा नसते, कारण त्याचा अर्धा भाग वर्गात नव्हे तर रुग्णाच्या खाटेशेजारी घडतो, आणि ती खाट ज्या रुग्णालयात असते ते रुग्णालय यजमान देशाच्या सरकारचे, त्याच्या आरोग्य खात्याचे आणि काही ठिकाणी तर त्याच्या लष्कराचे असते. त्या रुग्णालयाच्या दाराशी सशस्त्र पहारा बसला, तर विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापलेली मूल्ये वॉर्डात किती लागू राहतात, हा प्रश्न परदेशी वैद्यकीय संकुलांच्या मान्यतेच्या मुळाशी आहे. बहरीनमध्ये २०११ साली तो जितक्या उघडपणे विचारला गेला, तितका क्वचितच कुठे विचारला गेला असेल.

त्याआधी मान्यता, म्हणजे ज्याला ॲक्रेडिटेशन म्हणतात ती प्रक्रिया, समजून घेणे आवश्यक आहे. एखाद्या संस्थेतून बाहेर पडणारा डॉक्टर रुग्णाच्या अंगाला हात लावण्याइतका सक्षम असेल का, याची खात्री नियामक परिषद स्वतंत्रपणे करून घेते आणि ठरावीक मुदतीसाठी तसा निर्णय देते, तो निर्णय म्हणजे मान्यता. संस्था आधी स्वतःचे मूल्यमापन करून सविस्तर अहवाल सादर करते, मग परिषदेचे पथक प्रत्यक्ष भेट देते, वर्ग, प्रयोगशाळा आणि रुग्णालये पाहते, विद्यार्थी आणि शिक्षकांशी बोलते, आणि अखेरीस परिषद मान्यता द्यायची, अटींसह द्यायची की नाकारायची ते ठरवते. देशोदेशींच्या परिषदांना समान आधार असावा म्हणून १९७२ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन या संस्थेने २००३ मध्ये मूलभूत वैद्यकीय शिक्षणाची जागतिक मानके प्रसिद्ध केली. ही संस्था महाविद्यालयांना मान्यता देत नाही. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या परिषदांची कार्यपद्धती ती तपासते. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालांच्या जाहिरातींत नेमका हाच फरक पुसला जातो, आणि जगभरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या निर्देशिकेत नुसते नाव असणे म्हणजेच मान्यता, असा समज पालकांच्या गळी उतरवला जातो.

मान्यतेला जागतिक बाजारमूल्य आले त्यालाही कारण आहे. अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेने २०१० मध्ये जाहीर केले की २०२३ पासून अर्जदार मान्यताप्राप्त महाविद्यालयाचाच पदवीधर असला पाहिजे, आणि ती मान्यता देणारी परिषदही जागतिक मानकांवर उतरलेली असली पाहिजे. पुढे या नियमाची मुदत लांबली आणि स्वरूपही सौम्य झाले, पण तोवर अनेक देशांच्या परिषदा कामाला लागल्या होत्या. परदेशी संकुलाच्या बाबतीत या मान्यतेचे मोल दुप्पट होते, कारण विद्यार्थी जे शुल्क भरतो ते यजमान देशाच्या पदवीसाठी नव्हे, तर मूळ देशाच्या शिक्क्यासाठी भरतो.

डब्लिनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स इन आयर्लंडचा शिक्का असाच वजनदार आहे. १७८४ च्या राजसनदेने स्थापन झालेली ही संस्था शल्यचिकित्सकांना प्रशिक्षण देणारी आणि त्याच वेळी वैद्यकीय महाविद्यालय चालवणारी आहे. तिच्याकडे शिकायला येणाऱ्यांत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण पूर्वीपासून मोठे आहे आणि त्यांच्या शुल्कावर तिचा डोलारा बराच अवलंबून आहे. मलेशियातील पेनांग येथे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनसोबत तिने १९९६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, आणि २००४ मध्ये बहरीनमध्ये स्वतःचे विद्यापीठ स्थापून वैद्यकीय वर्ग चालू केले. मुहर्रक बेटावरील बुसैतीन येथे तिचे संकुल उभे राहिले आणि २०१० मध्ये डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. विद्यार्थ्यांच्या रुग्णालयीन प्रशिक्षणासाठी राजधानी मनामातील सलमानिया वैद्यकीय संकुल हे देशाचे प्रमुख सरकारी रुग्णालय होते, बहरीन संरक्षण दलाचे लष्करी रुग्णालय होते, आणि पुढे लष्कराच्याच अखत्यारीतील किंग हमाद विद्यापीठ रुग्णालयाचीही त्यात भर पडली. म्हणजे वर्ग आयरिश संस्थेच्या ताब्यात, तर खाटा सरकारच्या आणि सैन्याच्या ताब्यात, अशी ही रचना होती. शांततेच्या काळात तिच्यातला दोष कुणाला जाणवला नाही.

पहिली तुकडी बाहेर पडून वर्षही उलटले नव्हते, तोच १४ फेब्रुवारी २०११ रोजी मनामाच्या मोती चौकात निदर्शने सुरू झाली. सुन्नी राजघराण्याच्या सत्तेखालील, पण नागरिकांत शिया बहुसंख्य असलेल्या या देशात राजकीय हक्कांची मागणी नवी नव्हती. तिचा आकार नवा होता. १७ फेब्रुवारीच्या पहाटे सुरक्षा दलांनी चौक रिकामा केला तेव्हा चार जण मारले गेले आणि जखमींचा लोंढा सलमानियात आला. पुढचे चार आठवडे या रुग्णालयाचे आवार उपचारांची जागा होते आणि निषेधाचीही. तेथे तंबू पडले, भाषणे झाली, आणि त्यात काही डॉक्टर व परिचारिकाही सामील झाल्या. मार्चच्या मध्याला आखाती देशांचे सैन्य बहरीनमध्ये उतरले, १५ मार्चला ‘राष्ट्रीय सुरक्षा स्थिती’ या नावाने आणीबाणी पुकारली गेली, आणि १६ मार्चला चौकाबरोबर सलमानियाही लष्कराने ताब्यात घेतले.

रुग्णालय ताब्यात घेणे म्हणजे वॉर्डात नेमके काय होते, हे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून कळते. पोलिसांच्या बंदुकांतून सुटणारे छर्रे शरीरात शिरले की क्ष-किरण चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा दिसतो. एरवी तो शल्यचिकित्सकाला मार्ग दाखवतो, पण आता तोच रुग्ण निदर्शनात होता याचा पुरावा ठरू लागला. जखमी माणूस रुग्णालयात आला तर पकडला जाण्याची भीती होती, म्हणून लोक घरीच जखमा बांधू लागले आणि उपचारांवाचून राहू लागले. यात शिक्षणाचा भागही तितकाच गंभीर आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याला सर्वांत आधी रुग्णाकडून आजाराची हकिगत नीट काढून घेणे शिकवले जाते: दुखणे कधी सुरू झाले, मार कशाने बसला, त्यानंतर काय केले. खरे सांगितले तर अटक होईल हे ठाऊक असलेला रुग्ण या प्रश्नांना खोटी उत्तरे देणार, आणि खोट्या हकिगतीवरून निदान शिकणारा विद्यार्थी कितीही हुशार असला तरी अर्धेच शास्त्र शिकणार. त्यामुळे रुग्णालयातील मानवी हक्क आणि तेथील शिक्षणाचा दर्जा हे दोन स्वतंत्र विषय आहेत, ही मांडणी वॉर्डाच्या उंबरठ्यावरच कोसळते.

रुग्णांपाठोपाठ आरोग्य कर्मचाऱ्यांनाही अटक झाली, आणि त्यांत या आयरिश महाविद्यालयाशी थेट नाते असलेली माणसे होती. डब्लिनच्या संस्थेत प्रशिक्षण घेतलेले अस्थिशल्यचिकित्सक डॉ. अली अल-एक्री यांना १७ मार्चला सलमानियातून, शस्त्रक्रियागृहातून, ताब्यात घेण्यात आले. त्याच संस्थेशी संबंध असलेले गस्सान आणि बासिम धैफ हे डॉक्टर बंधूही आरोपींत होते. परिचारिका संघटनेच्या अध्यक्षा रुला अल-सफ्फार यांच्यावरही खटला भरला गेला. रुग्णालय बळकावणे, शस्त्रे बाळगणे, उपचार नाकारणे असे आरोप ठेवून लष्करी स्वरूपाच्या राष्ट्रीय सुरक्षा न्यायालयाने २९ सप्टेंबर २०११ रोजी २० आरोग्य कर्मचाऱ्यांना ५ ते १५ वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. त्यांपैकी १३ जणांना १५ वर्षे झाली. कोठडीत मारहाण झाली, कबुलीजबाब जबरदस्तीने घेतले गेले, असे आरोपी सांगत राहिले. जगभर टीका झाल्यावर खटला नागरी न्यायालयात नव्याने चालला, जून २०१२ मध्ये नऊ जण निर्दोष सुटले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा घटल्या. अल-एक्री यांची शिक्षा पाच वर्षांवर आली आणि ते २०१७ मध्ये बाहेर आले.

या घटनाक्रमाचा सर्वांत वजनदार दस्तऐवज विरोधकांचा नाही. राजाज्ञेनेच जून २०११ मध्ये नेमलेल्या आणि कायदेपंडित शेरीफ बसिओनी यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र चौकशी आयोगाने २३ नोव्हेंबर २०११ रोजी अहवाल सादर केला. कोठडीत पाच जणांचा छळामुळे मृत्यू झाल्याचे त्यात नमूद आहे. सलमानियाबद्दल आयोगाने दोन्ही बाजू नोंदवल्या: काही वैद्यकीय कर्मचारी डॉक्टर आणि राजकीय कार्यकर्ता या भूमिकांत ये-जा करत होते, हे त्याने लिहिले, सुन्नी किंवा परदेशी म्हणून रुग्णांना उपचार नाकारले गेले हा आरोप निराधार ठरवला, आणि सुरक्षा दलांनी रुग्णालयाच्या आवारात बेकायदा अटका केल्या व वैद्यकीय कर्मचाऱ्यांना वाईट वागणूक दिली, हेही स्पष्टपणे मांडले. डॉक्टरने आवारात घोषणा द्यावी की नाही, याबद्दल मतभेद असू शकतात. पण घोषणा दिली म्हणून शस्त्रक्रियागृहात पोलीस शिरू शकत नाहीत, आणि यावर मतभेदाला जागा उरत नाही.

आता महाविद्यालयाचे काय? आपल्याच माजी विद्यार्थ्यांना शिक्षा होत असताना डब्लिनची संस्था बराच काळ ठामपणे आणि जाहीरपणे बोलली नाही, असा आक्षेप आयरिश डॉक्टरांच्या एका गटाने घेतला. त्यात डब्लिनमधील अस्थिशल्यचिकित्सक डेमियन मॅकॉरमॅक आघाडीवर होते, आणि २०११ च्या उन्हाळ्यात लोकप्रतिनिधींसह एक आयरिश शिष्टमंडळ बहरीनला गेले. संस्थेची भूमिका अशी होती की ती शैक्षणिक संस्था आहे, राजकारणात ती पडत नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांचे भवितव्य तिच्या हाती आहे. ही अडचण खोटी नव्हती. यजमान सरकार एका रात्रीत परवाना काढून घेऊ शकते, प्राध्यापकांचे व्हिसा रद्द करू शकते, विद्यार्थ्यांना रुग्णालयाचे दार बंद करू शकते. पण सत्तेशी संबंध बिघडू नयेत म्हणून पाळलेल्या मौनाचा लाभ कुणाला झाला, हे पाहिले की तटस्थता हा शब्द तोकडा पडतो. तुरुंगातील डॉक्टरांसाठी ते मौन निश्चितच तटस्थ नव्हते.

दोन वर्षांनी घडलेल्या एका प्रसंगात ही रचना किती पोकळ होती ते दिसले. बहरीनमधील महाविद्यालयाचे तत्कालीन प्रमुख प्रा. टॉम कॉलिन्स यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या सहकार्याने राजकीय संघर्षाच्या काळातील वैद्यकीय नीतिशास्त्रावर एक परिषद एप्रिल २०१३ मध्ये भरवायचे ठरवले होते. विषय अभ्यासक्रमातला होता, श्रोते डॉक्टर होते, आणि देशाला तो विषय शिकण्याची जितकी गरज होती तितकी दुसऱ्या कुठल्याच देशाला नसावी. तरीही परिषद होऊ दिली गेली नाही आणि कॉलिन्स यांनी राजीनामा दिला. वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवणे हे जागतिक मानकांत बंधनकारक आहे. येथे नीतिशास्त्रावर चर्चा करण्यास परवानगी लागत होती आणि ती मिळाली नाही. मान्यता देणाऱ्या परिषदेला यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा होता, हा प्रश्न टाळता येत नाही.

ही मान्यता देणारी परिषद म्हणजे आयर्लंडची मेडिकल कौन्सिल, डॉक्टरांची नोंदणी करणारी आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांना मान्यता देणारी वैधानिक संस्था. आयर्लंडमधील २००७ च्या वैद्यकीय व्यवसाय कायद्याने तिला हे काम दिले आहे. बहरीनच्या अभ्यासक्रमाच्या मान्यतेचा विचार चालू असताना आयरिश आणि बहरीनी मानवी हक्क संघटनांनी तिच्याकडे लेखी आक्षेप नोंदवले: ज्या रुग्णालयांत छळाच्या आणि पंथावरून भेदभावाच्या तक्रारी आहेत, त्यांत मिळालेल्या प्रशिक्षणावर आयरिश राज्याच्या नावाने शिक्का मारता येईल का? कौन्सिलचे पथक २०१४ मध्ये बहरीनला जाऊन आले आणि अखेरीस तिने अभ्यासक्रमाला मान्यता दिली. शिक्षणाचा दर्जा तपासणे हे आपले काम, मानवी हक्कांचा न्यायनिवाडा करणे हे नव्हे, असा या निर्णयामागचा सर्वसाधारण विचार होता, आणि नियामक संस्था जगभर हाच विचार मांडतात.

या विचारातला दुबळेपणा मानकांच्या मजकुरातच सापडतो. त्या काळी लागू असलेल्या जागतिक मानकांत नऊ विभाग होते. पहिल्याच विभागात संस्थेची स्वायत्तता आणि शैक्षणिक स्वातंत्र्य येते. शैक्षणिक साधनांच्या विभागात, शिकण्याचे वातावरण कर्मचारी, विद्यार्थी, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या सर्वांसाठी सुरक्षित असले पाहिजे, अशी अपेक्षा आहे. आणि अभ्यासक्रमाच्या विभागात नीतिशास्त्र व वैद्यकीय कायद्याचे शिक्षण आहे. म्हणजे ज्या गोष्टींना मानवी हक्क म्हणून बाजूला ठेवले गेले, त्या गोष्टी तपासणीच्या कागदावर आधीपासूनच छापलेल्या होत्या. रुग्णाला अटकेची भीती वाटते का, डॉक्टरला नोंद खोटी करायला सांगितले जाते का, अमुक पंथाच्या विद्यार्थ्याला अमुक रुग्णालयात उभे राहणे धोक्याचे वाटते का, हे प्रश्न विचारण्यासाठी पथकाला मानवी हक्क न्यायालय होण्याची गरज नव्हती. प्रश्नपत्रिका पूर्ण वाचणे पुरेसे होते.

अर्थात पथकाच्या मार्गात खरी अडचण होती. तपासणी दोन-चार दिवसांची असते, रुग्णालयाची सफर यजमान घडवून आणतात, आणि अधिकाऱ्याच्या समोर कोणताही विद्यार्थी मनातले बोलत नाही. अशा ठिकाणी मुलाखती संस्थेच्या आवाराबाहेर घेणे, देश सोडून गेलेल्या पदवीधरांशी बोलणे, स्वतंत्र अहवाल आधी वाचून जाणे, छळाच्या जखमांची शास्त्रीय नोंद कशी करायची हे सांगणारी इस्तंबूल नियमावली अभ्यासक्रमात शिकवली जाते का हे पाहणे, असे मार्ग उपलब्ध आहेत. १९९९ ची ही नियमावली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली आहे आणि छळविरोधी कराराचे बंधन बहरीननेही स्वीकारले आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्ये टोकियो येथे जाहीर केले होते की डॉक्टरने कोणत्याही परिस्थितीत छळात भाग घेऊ नये. यांतले काहीही परके नाही.

मान्यता काढून घेतल्यास शिक्षा विद्यार्थ्यांना होते, सरकारला नाही, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. चौथ्या वर्षात असलेल्या मुलाची पदवी एका ठरावाने निरुपयोगी करणे हा अन्यायच झाला असता. म्हणूनच मान्यता देणे आणि काढणे यांच्या मधली वाट, म्हणजे अटींसह आणि कमी मुदतीची मान्यता, नव्या प्रवेशांवर मर्यादा, लष्करी रुग्णालयांऐवजी अन्य ठिकाणी प्रशिक्षणाची मागणी, ही अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारक ठरली असती. शिक्क्याची गरज यजमान सरकारलाही असते, आणि ती गरज हीच परिषदेच्या हातातली खरी ताकद असते.

बहरीन एकटे नाही. कतारच्या दोहा शहरात कॉर्नेल विद्यापीठाने कतार फाउंडेशनबरोबर २००१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले, आणि तेथून अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळते. तिथला चिंतेचा विषय वेगळा होता: कफाला पद्धत, म्हणजे परदेशी कामगाराचा व्हिसा मालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था, जिच्यात कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे आणि अनेकांना देशही सोडता येत नसे. २०१८ आणि २०२० मधील सुधारणांनी हे निर्बंध बरेच सैल केले. त्या पद्धतीखाली राबणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी होती, आणि दवाखान्यात रुग्ण म्हणून येणारा मजूरही त्यांच्यातलाच असे, ज्याच्या आजाराचे कारण अनेकदा त्याच्या कामाच्या अटींतच दडलेले असे. ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठाचे मलेशियातील जोहोर येथील वैद्यकीय संकुल ब्रिटिश जनरल मेडिकल कौन्सिलच्या देखरेखीखाली चालते. परदेशातल्या वॉर्डाची जबाबदारी मूळ देशाच्या परिषदेने घेणे अशक्य नाही, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातल्या घरांशी या विषयाचा संबंध आता थेट आला आहे, कारण दरवर्षी येथील अनेक विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी देशाबाहेर जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमातला असावा लागतो, १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत करावी लागते, आणि प्रशिक्षणाचा कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात करता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की विद्यार्थी ज्या देशात प्रवेश घेतो त्या देशाच्या रुग्णालयांशी तो साडेपाच वर्षे बांधला जातो, आणि तिथे परिस्थिती बिघडली तर त्याला दुसरीकडे जाण्याची वाट जवळपास उरत नाही. युक्रेनमध्ये २०२२ साली युद्ध पेटल्यावर परतलेल्या विद्यार्थ्यांचे हाल सर्वांनी पाहिले. तरीही प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात ते शुल्क, वसतिगृह आणि जेवणाबद्दल. प्रशिक्षणाचे रुग्णालय कुणाच्या मालकीचे आहे, तिथे किती खाटा आहेत आणि रुग्ण कोणत्या भाषेत बोलतात, तिथल्या डॉक्टरांवर गेल्या दशकात खटले झाले का, हे प्रश्न दलालाच्या कार्यालयात सहसा उच्चारलेच जात नाहीत.

भारताच्या आयोगाला २०२३ मध्ये वर्ल्ड फेडरेशनची दहा वर्षांची मान्यता मिळाली, त्यामुळे भारतीय महाविद्यालयांच्या पदवीधरांना परदेशाची दारे सोपी झाली. ज्या मानकांवर ही मान्यता उभी आहे, त्यांची २०२० ची आवृत्ती जुन्या आवृत्त्यांपेक्षा वेगळी आहे: नेमके किमान निकष सांगण्याऐवजी ती तत्त्वे सांगते आणि त्यांचा स्थानिक अर्थ लावण्याचे काम प्रत्येक देशाच्या परिषदेवर सोपवते. रुग्णाची सुरक्षितता आणि शिक्षकाचे स्वातंत्र्य ही तत्त्वे तपासणीच्या प्रश्नावलीत कोणत्या शब्दांत उतरतील, आणि उतरतील की नाही, हे आता डब्लिन, लंडन किंवा नवी दिल्ली येथे बसून प्रश्नावली लिहिणाऱ्या समितीच्या हाती आहे.